पाच इंच पाणी आणि मोगलाईतील काटकसर

दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४२ साली, रिचर्ड मॅसिंगहॅम नामक मूळच्या डॉक्टरने ब्रिटिश माहिती खात्यासाठी एक विनोदी लघुपट काढला. विषय एवढाच, की इंधन वाचावे म्हणून स्नानाच्या टबात पाच इंचांहून अधिक पाणी कोणी घेऊ नये. संकटाची गंभीर भाषा टाळून एखाद्या स्थूल, गोंधळलेल्या गृहस्थाच्या फजितीतून प्रजेस मितव्यय शिकवावा, ही मॅसिंगहॅमची हातोटी होती.

पडद्यावरून असा उपदेश हिंदुस्थानातही होत होता. त्यासाठी हिंदुस्थान सरकारने १९४० साली फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापिले, जे. बी. एच. वाडिया त्याचे अध्यक्ष झाले आणि व्ही. शांतारामांसारख्या कसबी दिग्दर्शकानेही काही काळ त्याची धुरा वाहिली. पुढे १९४३ मध्ये, इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया अस्तित्वात आल्यावर, भारत संरक्षण नियमांन्वये चित्रगृहांवर दर खेळात २००० फुटांपर्यंत सरकारमान्य फीत दाखविण्याची, वर तिचे भाडेही भरण्याची सक्ती झाली. उपदेशाचीही वेठबिगार असू शकते, ती अशी!

धाराशिव, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, मात्र निजामाच्या अमलाखाली, म्हणजे मोगलाईत, होता. बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरून त्या जिल्ह्यातील लातूरचा व्यापारी बार्शीस, म्हणजे खालसा ब्रिटिश मुलखात, उतरला की मुलूखच काय, नाणेही बदले. निजामाचा हाली शिक्का जाऊन इंग्रजांचा कलदार रुपया येई. खालसातील चित्रगृहांत हा काटकसरीचा उपदेश त्यास मिळण्याजोगा होता. पण त्याचा उपयोग काय? बालाघाटाच्या त्या अवर्षणप्रवण पठारावर आडाचे पाणी शेंदून, गोवऱ्यांवर तापवून, घंगाळातून तांब्या-तांब्याने अंगावर घ्यावयाचे आणि न्हाणीचे सांडपाणी परसातील अळूस सोडावयाचे, ही रीत. साहेबाच्या टबातील पाच इंच पाण्यात तेथे अख्ख्या कुटुंबाचे स्नान उरकले असते. ज्याच्यापाशी सोडण्याजोगे काही आहे त्यालाच हसत हसत सोडावयास सांगता येते. मराठवाड्यातील कुणब्यास युद्धकाळ भेटला तो लेव्हीच्या रूपाने. सक्तीने धान्य वसूल करणारे पाटील, पटवारी आणि तहसीलदार यांच्या त्या मोहिमेत विनोदास जागा नव्हती, आणि तिने पेरलेला असंतोष पुढे निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामास उपयोगी पडला.

मध्यवर्ती विधिमंडळाने पैसा नाकारल्यामुळे इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया ही चित्रसंस्था १९४६ साली बंद पडली. तिचा वारसा घेऊन फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली उभे राहिले. त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि धाराशिव व बार्शी एका राज्यकारभाराखाली नसली, तरी एका देशात आली.