पेरूच्या समुद्रातून हिवरे बाजारला

ऑगस्ट १९७२. हिवरे बाजारच्या बोडक्या होत चाललेल्या डोंगरावर तुम्ही उभे आहात. पश्चिमेकडून ढग येतात, पण त्यांचं पाणी सह्याद्रीनेच काढून घेतलेलं. बऱ्या सालीही इथे जेमतेम ४०० मिलिमीटर पडतो. यंदा तेवढाही नाही. दुष्काळी कामावर खडी फोडणारा म्हातारा मान वर न करता म्हणतो, "पाव्हणं, नक्षत्राचं वाहन बेडूक असो का हत्ती, थेंब पडंना."

त्याचं उत्तर शोधायला तुम्ही थेट पेरूच्या समुद्रात उतरता. एरवी इथले व्यापारी वारे कोमट पाणी इंडोनेशियाकडे ढकलतात. तिकडे हवा चढते, ढग बनतात. इकडे खालून गार पाणी वर येतं. यंदा वारे ढिले पडलेत. ऊब पूर्वेकडे सरकली आणि तिच्यामागे ढगही. यालाच एल निनो म्हणतात. आपल्याकडे उरली खाली बसणारी हवा, ढगांना वाढू न देणारी. वारा मंदावला म्हणून पाणी तापलं की पाणी तापलं म्हणून वारा मंदावला? दोन्ही खरं. शेजारी कोळ्यांच्या जाळ्यात अँचोवी येईनाशी झालीय.

या चढत्या-बसत्या हवेच्या दाबाचा पूर्व-पश्चिम झोका गिल्बर्ट वॉकर यांना दिसला होता, भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख म्हणून मान्सूनचा अंदाज शोधताना. समुद्राशी त्याची गाठ हवामानशास्त्रज्ञ ब्यर्कनेस यांनी मारली ती १९६९ मध्ये. म्हणजे त्या म्हाताऱ्याचं उत्तर अवघं तीन वर्षांचं आहे.

१९९७ मध्ये या. पॅसिफिक १९७२ पेक्षाही तापलाय. तुम्ही दुष्काळ गृहीत धरता आणि फसता: देशात पाऊस सरासरीइतका! हिंदी महासागर पश्चिमेला उबदार, सुमात्राजवळ गार झाला होता. त्यानेही तोल सावरला असं मानतात. १९९९ मध्ये या द्विध्रुवाचं वर्णन झालं, तेव्हा त्या शोधनिबंधाच्या लेखकांत भूपेंद्रनाथ गोस्वामी होते, पुढे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे संचालक झालेले.

आता २०१५. पुन्हा दांडगा एल निनो. देशात सरासरीच्या ८६ टक्केच पाऊस. हिवरे बाजारचा डोंगर मात्र ओळखू येत नाही. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, त्यानंतर उतारांवर सलग समतल चर खोदले गेले, झाडं लागली. वॉकरसाहेबांची बरीच वर्षं अंदाज बांधण्यात गेली. इथे हिशोब पाऊस पडून गेल्यावर मांडतात, आणि मला तेच जास्त शहाणपणाचं वाटतं. पर्जन्यमापकातला आकडा ग्रामसभेसमोर येतो. आधी माणसांचं पिण्याचं पाणी, मग जनावरांचं. उरेल त्यावर रब्बीत काय नि किती पेरायचं ते ठरतं. ऊस-केळीचं नावही निघत नाही, आणि शेतीसाठी बोअर पाडायला बंदीच आहे.