खोली कोणाला मिळते? लॉजच्या रजिस्टरवरून एक संशोधन-प्रश्न

साकीनाका मेट्रो स्टेशनचा जिना उतरून अंधेरी-कुर्ला रोडला लागलात, की आजूबाजूला लॉज आणि छोट्या हॉटेलांच्या पाट्या दिसायला लागतात. विमानतळ जवळ असल्यामुळे इथे खोल्यांना कायम गिऱ्हाईक असतं. मी याच भागात राहते. मागच्या मे महिन्यात गावाहून मामा-मामी आले आणि आमच्या एका खोलीत सगळे मावेनात, म्हणून मोबाईलवरून जवळच्याच एका लॉजमध्ये खोली बुक केली. पैसे भरले, कन्फर्मेशनही आलं. काउंटरवर आधार कार्ड दाखवलं तर मॅनेजर म्हणाला, "ताई, बुकिंग तुमच्या नावावर आहे आणि आमच्याकडे लोकल आयडी चालत नाही. तुम्हीच अ‍ॅपवरून कॅन्सल करा, पैसे परत येतील."

मी कॅन्सल केलं. आता विचार करा, त्या अ‍ॅपच्या नोंदीत काय राहिलं असेल? 'ग्राहकाने बुकिंग रद्द केले.' नकार लॉजने दिला, पण नोंद माझ्या नावावर पडली.

पीएचडीला विषय कसा शोधायचा, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. माझं उत्तर असं, की अशा एखाद्या खटकलेल्या गोष्टीपासून सुरुवात करा आणि मग तिचा इतिहास शोधा.

ऑनलाइन बुकिंगचा इतिहास साधारणपणे कंपन्यांच्या सनावळीतून सांगतात. बुकिंग डॉट कॉम १९९६, मेकमायट्रिप २०००, एअरबीएनबी २००८, ओयो २०१३. ही सनावळी चुकीची नाही. पण तिच्यातून खोली शोधणं किती सोपं झालं एवढंच कळतं. खोली कोणाला नाकारली जाते, हा प्रश्न तिच्यात येतच नाही. त्यासाठी इंटरनेटच्या बरंच मागे जावं लागतं.

१९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसाला अस्पृश्य म्हणून त्या शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी ते एका पारशी सराईत गेले. सराई फक्त पारशांसाठी होती आणि उतरणाऱ्याचं नाव रजिस्टरमध्ये लिहावं लागे. रजिस्टरपुरतं पारशी नाव घ्यायचं आणि रोजचा दीड रुपया द्यायचा, असं रखवालदाराशी ठरलं. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला पारशांचा जमाव आला आणि त्यांना सराई सोडावी लागली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हे स्वतः लिहिलंय. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या १२ व्या खंडात ते मिळेल. मूळातूनच वाचा.

आता इतिहासाचे विद्यार्थी म्हणून या प्रसंगाकडे बघा. समजा, ते रजिस्टर उद्या तुमच्या हाती लागलं. त्यात तुम्हाला एक पारशी पाहुणा दिसेल. तुम्ही तो मोजाल, टक्केवारी काढाल आणि 'सराईत फक्त पारशी उतरत' असा निष्कर्ष लिहाल. कागद अस्सल असेल, तुमची बेरीजही बरोबर असेल, तरी निष्कर्ष चुकेल. खरं काय घडलं ते आपल्याला कळतं, कारण ज्याला नकार मिळाला त्याने ते लिहून ठेवलं. ज्यांनी लिहिलं नाही असे किती जण असतील?

म्हणजे नकार मोजायचाच नाही का? मोजता येतो, पण त्यासाठी पद्धत लागते. अमेरिकेत एडलमन, लुका आणि स्विर्स्की यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाच शहरांतल्या सुमारे ६,४०० एअरबीएनबी जागांना त्यांनी विनंत्या पाठवल्या. मजकूर तोच ठेवला, पाहुण्याचं नाव तेवढं बदललं. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे ५० टक्के वेळा होकार आला, कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना सुमारे ४२ टक्के वेळा. फरक ८ टक्के-बिंदूंचा, पण ५० च्या तुलनेत घट १६ टक्क्यांची. हे दोन आकडे एकमेकांत मिसळू नका, मुलाखतीत हमखास विचारतात.

इथे एक सावधगिरीही हवी. माझा लोकल आयडीचा अनुभव आणि बडोद्याचा प्रसंग एका मापाचे नाहीत. मी दोन गल्ल्या पलीकडच्या घरी परत गेले. मामा-मामींची सोय शेजाऱ्यांनी केली. बाबासाहेबांना त्या शहरात दुसरा आसराच नव्हता आणि ते रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. तुलना करायची ती नोंदींची, दुःखाची नाही. दोन्हीकडे नोंद ठेवणाऱ्याच्या वहीत नकार उतरलेला नाही, साम्य एवढंच.

आपल्याकडे कोकणातल्या एखाद्या घरगुती निवासाला फोन लावला, की "आडनाव काय?" हा प्रश्न अजून कानावर येतो. अ‍ॅपवर तो तोंडाने विचारत नाहीत, नावाच्या रकान्यात तो आपोआप भरला जातो. यावर मराठीत काम करायला भरपूर जागा आहे.

सुरुवात छोटी करा. घरच्या मोठ्यांना विचारा, पूर्वी सुट्टीत किंवा यात्रेला गेल्यावर कुठे उतरायचात? आणि कुठे उतरता यायचं नाही? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तारीख घालून, त्यांच्याच शब्दांत, त्याच दिवशी लिहून ठेवा.