काळोखातील छायाचित्र उजळावे, पण किती?

गाणगापूरची रात्रीची पालखी, माणिकनगरातील दत्तजयंतीचा दरबार, बिदरजवळच्या अष्टूरचा उरूस. कर्नाटकाच्या कलबुर्गी आणि बिदर या सीमावर्ती जिल्ह्यांतील हे सोहळे रात्रीच रंगतात. मराठी भाविकांची तेथे सतत वर्दळ असते; गोव्यातूनही अनेक कुटुंबे गाणगापूरची वारी करतात. घरी परतल्यावर मोबाइलमधील छायाचित्रे पाहिली की मात्र निराशा पदरी येते. दिव्याच्या जागी पांढरा डाग असतो आणि माणसांच्या जागी काळ्या आकृत्या. संपादन प्रणालीच्या साहाय्याने अशी छायाचित्रे बऱ्याच अंशी सुधारता येतात. फक्त ती काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे आधी समजून घ्यावे लागते.

कॅमेऱ्याचा संवेदक प्रकाशाचे कण मोजतो. एखाद्या बिंदूवर १०,००० कण पडले तर त्या मोजणीत साधारण १०० चा, म्हणजे १ टक्क्याचा चढउतार असतो. शंभरच कण पडले तर तो १० चा, म्हणजे १० टक्क्यांचा होतो. अंधाऱ्या भागात दिसणारे रंगीबेरंगी रवाळ ठिपके, ज्यांना छायाचित्रकार ‘नॉइज’ म्हणतात, ते मुख्यतः यातून येतात. उजळणे म्हणजे या आकड्यांना गुणणे होय. चौपट उजळले की चेहरा चौपट उजळतो आणि ठिपकेही चौपट ठळक होतात. जो तपशील संवेदकापर्यंत पोहोचलाच नाही, तो गुणाकाराने निर्माण होत नाही.

म्हणूनच मूळ फाइल कोणत्या प्रकारची आहे याला महत्त्व आहे. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. काळोखाला वाट्याला येणाऱ्या पायऱ्या मुळातच थोड्या असतात. जेपेग फार ताणली की आकाशात पट्टे उमटतात. रॉ फाइल बरेच अधिक सोसते. अनेक मोबाइलमध्ये आता रॉचा पर्याय असतो, पण तो सहसा बंदच ठेवलेला असतो.

कामाचा क्रमही चुकवू नये. आधी मूळ फाइलची प्रत करावी. मग ‘हायलाइट्स’ खाली आणून समई, मशाल वा विजेचा दिवा यांच्या कडा परत मिळतात का ते पाहावे. तो भाग पूर्ण पांढरा झाला असेल तर तेथे काहीच उरलेले नसते आणि त्याला करड्या रंगात ओढणे व्यर्थ ठरते. नंतर ‘शॅडोज’ थोडे वर उचलावेत. सर्वांत जास्त चुका येथेच होतात, कारण सरकपट्टी टोकापर्यंत नेण्याचा मोह आवरत नाही. चेहराच उजळायचा असेल तर ब्रशने तेवढाच भाग निवडावा. मग ‘ब्लॅक’ पुन्हा खाली ओढून काळ्याला काळे करावे. रंगीत ठिपके आधी आणि रवाळपणा नंतर कमी करावा. धार लावणे अगदी शेवटी, अन्यथा ठिपक्यांनाच धार लागते. डार्कटेबल, रॉथेरपी आणि गिम्प या विनामूल्य प्रणालींत यांतील बहुतेक सोयी आहेत. मोबाइलवर स्नॅपसीड पुरते.

रंगाचा प्रश्न वेगळा. तेलाच्या दिव्याचा प्रकाश सुमारे २,००० केल्विनचा, म्हणजे तांबूस. पांढऱ्या एलईडीचा कित्येकदा ६,५०० केल्विनचा, म्हणजे निळसर. पालखीसोबत दोन्ही असतात. ‘व्हाइट बॅलन्स’ एलईडीनुसार ठेवला तर दिव्याजवळचे चेहरे केशरी होतात आणि दिव्यानुसार ठेवला तर मागची भिंत निळी पडते. अशा वेळी दिव्याचा तांबूसपणा राखावा. रात्रीची ओळख त्यातच असते.

काळ्याचे मोल बिदरला वेगळे सांगावे लागत नाही. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूची बिदरी भांडी किल्ल्यातील मातीच्या साहाय्याने काळी केली जातात आणि चांदीची नक्षी त्या काळ्यावरच खुलते. स्वयंचलित सुधारणेचे बटण दाबले की प्रणाली चित्राची सरासरी मध्यम करड्याकडे ओढते, आणि भांडे मळकट दिसू लागते. रात्रीच्या आकाशाचेही तेच होते.

हा केवळ आवडीनिवडीचा विषय नाही. अष्टूर येथे बहमनी सुलतान अहमदशहा वली याची कबर आहे. त्याचे निधन १४३६ चे. होळीनंतर विसाव्या दिवशी तेथे उरूस सुरू होतो आणि कलबुर्गी जिल्ह्यातील मडियाळचे जंगम येऊन त्याचे विधी करतात. कबरीच्या आतील भिंती आणि घुमट सोनेरी, शेंदरी, निळ्या रंगांतील नक्षीने व अक्षरांनी भरलेले आहेत, पण आत उजेड कमी. निजामाच्या राज्यातील पुरातत्त्व विभागाचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बिदरच्या वास्तूंची सविस्तर नोंद केली. आज तसे चित्रण कोणीही मोबाइलवर करू शकतो. मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी उजळणी पुसट अक्षराच्या जागी अक्षरासारखे दिसणारे वळण बेमालूम भरू शकते. मार्च २०२३ मध्ये सॅमसंगच्या फोनमधील चंद्राच्या छायाचित्रांवरून असाच वाद झाला होता: मुद्दाम धूसर केलेल्या चित्रातही फोनने खळगे दाखवले. चंद्राचे खरे रूप पडताळता येते. झिजत चाललेल्या लेखाचे तसे नाही. उद्या रंग उडाल्यावर ते छायाचित्रच पुरावा ठरेल.

वृत्तछायाचित्रांच्या क्षेत्रात याबाबतचे नियम कडक आहेत. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेच्या २०१५ च्या पर्वात उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचलेल्यांपैकी सुमारे पाचवा भाग फेरफारामुळे बाद झाला. काहींनी वस्तू पुसल्या होत्या, तर काहींनी काही भाग इतका काळा केला होता की तपशीलच नाहीसा झाला. म्हणजे दोष उजळण्यातच असतो असे नाही. घरगुती छायाचित्रांना हे नियम लागू नाहीत, पण वास्तू, लेख वा सोहळा यांची नोंद म्हणून चित्र पाठवायचे असेल तर कृत्रिम बुद्धिमत्तेचा पर्याय बंद ठेवणे आणि काय बदलले ते सोबत लिहिणे योग्य.

मूळ फाइल ठिकाण व तारखेसह जपावी. व्हॉट्सअॅपवर छायाचित्र नेहमीच्या पद्धतीने पाठवल्यास ते दाबले जाते आणि अंधारातील उरलासुरला तपशील जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ फाइल तशीच पोहोचते.