चादर, घड्याळ आणि पाच अँपिअर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा पुण्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवत होतो. एके दिवशी तीन विद्यार्थी घरी आले. त्यांना बारा मिनिटांचा चित्रपट करायचा होता. काळ १९४२चा. एका शाळामास्तरांच्या घरात घडणारी गोष्ट. "सर, तुम्ही फक्त १९४२ सांभाळा, बाकी सगळं आम्ही बघतो," असं ते म्हणाले. मी हो म्हटलं. बाकी सगळं म्हणजे काय, हे मात्र मी विचारलं नाही.

सदाशिव पेठेतला एक वाडा त्यांनी मिळवला होता. पहिल्या दिवशी गेलो तेव्हा सेट लावून तयार होता. भिंतीवर कालनिर्णय लटकत होतं. कालनिर्णय सुरू झालं १९७३ साली! फळीवर स्टीलचे पेले झळकत होते. स्टील आपल्या घरांत सरसकट आलं ते स्वातंत्र्यानंतर. त्याआधी तांब्या-पितळेचं राज्य होतं आणि कल्हईवाल्याची वाट पाहिली जाई. मास्तरांच्या कनवटीला द्यायला म्हणून एकाने जुनी नाणी आणली होती, पण ती होती नव्या पैशांची. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ला. मला आणे-पै हवे होते. मुलं हिरमुसली. जुन्या बाजारातून घासाघीस करून आणलेल्या वस्तू होत्या त्या.

मग मी त्यांना घेऊन ओसरीवर बसलो आणि फाळक्यांची गोष्ट सांगितली. दादासाहेब फाळके मुळात चित्रकलेचे विद्यार्थी, पुढे छायाचित्रकार. १९१२ साली लंडनला जाऊन कॅमेरा आणला आणि दादरच्या बंगल्यात 'राजा हरिश्चंद्र' उभा केला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लोकांपुढे आला. राजवाडा होता रंगवलेल्या पडद्यांचा आणि दिवा होता सूर्याचा. त्या वेळच्या फिल्मला प्रकाश फार लागे आणि लाल रंगाला तर ती जवळजवळ आंधळीच होती. लाल शालू पडद्यावर काळा दिसे. म्हणजे कुठला कपडा, कुठलं भांडं कोणत्या रंगाचं घ्यायचं, याचा विचार डोळ्यांनी करून भागत नसे, फिल्मच्या डोळ्यांनी करावा लागे. सरस्वतीबाई फाळके उन्हात पांढऱ्या चादरी धरून तासन्‌तास उभ्या राहत, म्हणजे ऊन उलटून नटांच्या चेहऱ्यावर पडावं. रात्री त्याच माउली फिल्मला भोकं पाडायच्या आणि मधल्या वेळात सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. आपल्या चित्रपटाचा पहिला प्रकाशयोजनाकार कोण, असं मला कुणी विचारलं तर मी त्यांचं नाव घेईन.

फाळक्यांच्या पडद्यावरच्या भिंती वारा आला की हलण्याच्या जातीच्या. त्या भिंती पक्क्या केल्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी. खरं आडनाव मेस्त्री. आतेभाऊ-मामेभावांची ही जोडी, आनंदराव आणि बाबूराव, नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्यात नावाजलेली. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी स्वतः कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२०ला 'सैरंध्री' आणला. आयुष्यभर पडदे रंगवलेल्या माणसाने चित्रपटातून पडदा काढून टाकला आणि लांबी-रुंदी-उंची असलेले सेट उभे केले, यातली गंमत मला अजून पुरती उलगडलेली नाही. कदाचित पडद्याची मर्यादा पडदेवाल्यालाच जास्त कळत असावी. १९२३च्या 'सिंहगड'साठी त्यांनी कृत्रिम दिवेही वापरले. सूर्यावरचं अवलंबून राहणं तिथून कमी होत गेलं.

त्यांच्याच हाताखाली शिकलेले दामले, फत्तेलाल, शांताराम यांनी आणखी दोघांबरोबर १९२९ साली कोल्हापुरात प्रभात काढली आणि १९३३ला ती पुण्यात आणली. फत्तेलालांचं कलादिग्दर्शन हा स्वतंत्र विषय आहे. आज मी फक्त एका वस्तूबद्दल बोलतो. १९३७च्या 'कुंकू'मध्ये म्हाताऱ्या वकिलाच्या घरात भिंतीवर एक घड्याळ आहे. ते नुसतं भिंत भरायला लावलेलं नाही. या चित्रपटाला पार्श्वसंगीतच नाही, घरातले नैसर्गिक आवाज तेवढे आहेत. त्यामुळे ते घड्याळ जवळजवळ एक पात्र होऊन बसतं. मी मुलांना म्हटलं, तुमच्या यादीत एकतीस वस्तू आहेत. त्यातली कुठली काढली तर गोष्ट अडेल? बरीच वादावादी झाली. उरल्या चार: कंदील, दौत, पाटी आणि मास्तरांची छत्री. बाकीच्या भिंत भरायला.

इथवर मी खूश होतो. संध्याकाळी दिवे लागले.

मुलांनी हजार वॉटचे दोन हॅलोजन भाड्याने आणले होते. एलईडीचे दिवे तेव्हा त्यांच्या खिशाला परवडणारे नव्हते. दोन्ही दिवे लावले ते माजघरातल्या एकाच पाच अँपिअरच्या जागेवर, वर एक मल्टिप्लग खोचून. हिशेब सातवीतला आहे. २३० व्होल्टला पाच अँपिअर म्हणजे ११५० वॉट; दोन हजार वॉटला जवळपास नऊ अँपिअर लागतात. पहिला शॉट सुरू झाला, जळका वास आला आणि अख्खा वाडा काळोखात गेला. वायर कापडी वेष्टनाची, कधीची कोण जाणे. तुळईजवळून धूर निघत होता. लाकडी वाडा तो. एका मुलाने धावत जाऊन मेन स्विच पाडला, म्हणून मी आज हे सांगायला आहे.

वरच्या मजल्यावरून एक आजी खाली आल्या, हातात मेणबत्ती. "अरे, माझ्या नातीचा उद्या दहावीचा पेपर आहे," एवढंच म्हणाल्या. आम्ही मालकांची परवानगी घेतली होती. वर राहणाऱ्या भाडेकरूंना कुणी विचारलंच नव्हतं. मुलं माझ्याकडे बघत होती आणि मी जमिनीकडे. "आजी, चूक आमची आहे," असं मी म्हटलं खरं, पण त्याने दिवे थोडेच लागणार होते? वायरमन मिळेपर्यंत साडेदहा वाजले. ती मुलगी तोवर आमच्या चित्रपटातल्या कंदिलावर वाचत बसली होती. काच आम्ही मुद्दाम काजळी धरलेली ठेवली होती, जुनी दिसावी म्हणून. आजींनी ती आधी राखेने लखलखीत घासून घेतली.

त्या रात्री झोप आली नाही. तेव्हा मला आठवला तो कलकत्त्याचा किस्सा. सत्यजित राय 'अपराजितो' करत होते. तो आला १९५६ साली. काशीच्या घराचा चौक कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त उघड्यावर बांधणार होते, पण पावसाच्या धास्तीने सेट स्टुडिओच्या छपराखाली बांधावा लागला. आता चौकात आकाशातून उतरतो तसा मऊ, सावली नसलेला उजेड आणायचा कसा? छायाचित्रकार सुब्रत मित्र तेव्हा पंचविशी-सव्विशीतले. त्यांनी सेटवर आडवं पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्या कापडावर मारले. उजेड उलटून खाली आला आणि स्टुडिओतला चौक काशीचा झाला. सरस्वतीबाईंच्या चादरीत आणि या कापडात तत्त्व तेच, उजेडाची दिशा फक्त वेगळी.

आमच्या वाड्याला तर खराखुरा चौक होता, आणि आम्ही आत हॅलोजन जाळत बसलो होतो! सकाळी मी मुलांना फोन केला. सगळं वेळापत्रक नव्याने मांडलं. चौकात साडेनऊ ते अकरा ऊन कुठल्या भिंतीवर येतं, हे एका मुलीने दोन दिवस वहीत टिपलं. त्या दीड तासातच माजघराच्या दाराजवळचे शॉट घ्यायचे, दोन पांढऱ्या चादरी आणि थर्मोकोलचा एक पत्रा, बस्स. रात्रीचा प्रसंग पहाटे, दिवस उजाडता उजाडता, एकाच कंदिलावर. वर राहणाऱ्या तिन्ही बिऱ्हाडांना आधी जाऊन विचारायचं, कोणाचा पेपर कधी तेही. आणि दहावीची परीक्षा संपेपर्यंत काम बंद. परीक्षा संपेपर्यंत चौकातलं ऊन सरकलं होतं, मग पुन्हा दोन दिवस वही. रायांनाही 'पथेर पांचाली'च्या वेळी काशफुलांचं शेत गुरांनी खाल्ल्यावर पुढच्या मोसमापर्यंत थांबावं लागलं होतं, हे सांगून मी मुलांची समजूत काढली. ती फारशी निघाली नाही, कारण त्यांच्या सादरीकरणाची तारीख ठरलेली होती. ती चुकली, आणि गुण कापले गेले.

प्रभातच्या जागेत १९६० साली सरकारने चित्रपट शिक्षणसंस्था सुरू केली. विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या त्या आवारात प्रभातच्या वस्तूंचं संग्रहालय आहे. मुलांना मी तिथे नेलं, पण सगळं आटोपल्यावर. आधी न्यायला हवं होतं.

चित्रपट पूर्ण झाला. आजींना आणि नातीला मुद्दाम बोलावलं होतं. नातीला बरे गुण मिळाले होते, आजींनी पेढे आणले. एकतीसपैकी तीस वस्तू ज्याच्या त्याला परत गेल्या. पितळेची एक पळी मिळेना, ती मी नवी घेऊन दिली. पडद्यावर मास्तर कंदील उचलतात, तेव्हा त्यांच्या खांद्यामागे, दाराच्या चौकटीजवळ, काळं पडलेलं पाच अँपिअरचं सॉकेट स्पष्ट दिसतं. १९४२ साली! कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आजींच्या आलं. त्यांनी अंधारात माझ्या कोपराला ढोसलं आणि म्हणाल्या, "सर, तेच ना हो ते?"