देण्याघेण्याची क्रियापदे : शिरूर-भीमथडी, १८७५

न्हावरे व त्याच्या आसपासच्या शिरूर-दौंड भागाचा आर्थिक इतिहास लिहिताना कर्जाचे आकडे पाहिले जातात. तो व्यवहार ज्या शब्दांत बोलला गेला, ते शब्द सहसा पाहिले जात नाहीत. प्रस्तुत टिपणात नाम व क्रियापद यांच्या रूढ जोड्यांचा विचार करावयाचा आहे.

कर्ज, रक्कम, वसूल, जमा, जप्ती ही नामे अरबी-फार्सीतून आली. क्रियापदे मात्र मराठीच राहिली, आणि बोलणारा कोणत्या बाजूला उभा आहे हे तीच सांगतात. सावकार व्याज ‘लावतो’, दावा ‘ठोकतो’, जप्ती ‘आणतो’. कुणबी कर्ज ‘काढतो’, रोखा ‘लिहून देतो’ आणि कर्ज ‘फेडतो’. फेडणे म्हणजे गुंडाळलेले सोडविणे. लुगडे फेडतात, नवस फेडतात, आईबापांचे पांग फेडतात. कर्ज हे अंगाभोवतीचे वेष्टन असून ते एक दिवस पुरते सुटेल, ही अपेक्षा ह्या शब्दात आहे. इंग्रजीतील ‘पे’ ह्या क्रियापदात देणे, भरणे, चुकविणे व फेडणे हे सारे सामावते. म्हणून इंग्रजी कागदपत्रांत हा भेद लोपतो.

ही अपेक्षा कशी भंगली, हे पाहण्यासारखे आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर दावा करण्याची मुदत तीन वर्षे ठरली. ऋणकोला सवड मिळावी हा हेतू होता. परंतु मुदत संपण्यापूर्वी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची पद्धत पडली. ‘फेडणे’ मागे पडले, ‘लिहून देणे’ तेवढे उरले.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे येथे काळूराम ह्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांविरुद्ध हुकूमनामा मिळविला व त्यांचे घर घेतले. लोकांनी सावकारांना वाळीत टाकले. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा झाला. अनेक गावी जमावाचा रोख रोख्यांवर व हुकूमनाम्यांवर होता. ते हवाली करणाऱ्यांस बहुधा इजा झाली नाही. जे फेडता येईना, ते जाळण्यात आले.

कर्ज ‘काढतात’ तसा मार्गही ‘काढतात’. मार्ग काढण्याची पाळी मग सरकारवर आली. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयास रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला आणि रोखे ग्राम-निबंधकासमोर लिहिण्याची व्यवस्था झाली.

पुढे पतपेढी, बँक व न्हावऱ्याचा घोडगंगा सहकारी साखर कारखाना आला. नामे पुन्हा बदलली. तरी हुंडीप्रमाणे चेकही ‘वटतो’, लोनही ‘काढतात’ व ‘फेडतात’. आठवड्याचा वाचक असलेला ‘हप्ता’ महिन्याचा झाला आणि तो ‘थकू’ लागला. थकतो शेतकरी, भाषा थकवा हप्त्याला देते. उसाचे बिल ‘निघते’ किंवा ‘अडकते’. कोण काढतो, कोण अडवितो, हे वाक्यात येतच नाही. १८७५ साली सावकाराला नाव होते. ह्या वाक्यांत कर्ताच नाही.

म्हणून ऋणाच्या इतिहासाच्या अभ्यासकाने रकमेबरोबर तिचे क्रियापदही टिपून ठेवावे. रक्कम किती, हे वही सांगते. ती कोणी कोणावर लादली, हे क्रियापद सांगते. जेथे क्रियापदाला कर्ता नसेल, तेथे तो शोधणे हे अभ्यासकाचे काम आहे.