पालवणकर बंधू आणि विजयाचा अभिमान

कोकणात आडनाव म्हणजे गावाचा पत्ता. माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत राहिला किंवा घाटावर स्थायिक झाला, तरी आडनावाच्या शेवटचे ‘कर’ त्याला कोणत्या ना कोणत्या खाडीकाठी आणून सोडते. राजापूर तालुक्यात, यशवंतगडाच्या आसऱ्याने नाटे हे गाव वसले आहे. नंदू नाटेकर जन्मले सांगलीस, १९३३ साली. मलायातील सेलांगोर स्पर्धा १९५६ मध्ये जिंकून ते आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले, आणि १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत त्यांचे नाव होते. त्या नावातले ‘नाटे’ ऐकून इथल्या माणसाला ते आपलेसे वाटले, तर त्यात नवल नाही. हा अभिमान निर्वेध आहे. तो कोणालाही अडचणीत टाकत नाही.

पालवण या कोकणातीलच गावावरून आलेल्या दुसऱ्या एका आडनावाचा अभिमान मात्र इतका सोपा नाही. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चार पालवणकर बंधू क्रिकेट खेळले. जातीने ते चांभार. वडिलांच्या लष्करी नोकरीमुळे कुटुंब कोकणातून बाहेर पडले. थोरल्या बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाडचा, आणि खेळाची ओळख पुण्याची. प्रथम पारशांच्या एका क्लबात महिना तीन रुपये, मग गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये, अशा पगारावर खेळपट्टीची निगा राखणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे हे त्यांचे काम. तेथे ग्रेगसारख्या कसलेल्या फलंदाजाला तासन्‌तास गोलंदाजी करता करता त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली. फलंदाजीची संधी त्या क्लबात त्यांना नव्हती. बॅट हे साहेबाचे हत्यार, चेंडू नोकराचा!

पुण्याच्या हिंदू क्लबाला साहेबांविरुद्ध जिंकायचे होते. बाळूला घ्यावे की न घ्यावे, यावर वाद झाला आणि अखेर घेतले. मैदानावर एकच चेंडू सगळ्यांच्या हातांतून फिरे. त्याला विटाळ नव्हता. चहाच्या वेळी मात्र बाळूला पॅव्हेलियनबाहेर, वापरून टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणही वेगळे वाढले जाई. ही तडजोड ज्यांनी शोधून काढली, त्यांना तीत विसंगती दिसली नसेल, असे मला वाटत नाही. विजयाची गरज आणि सोवळे या दोन्ही गोष्टी त्यांना सांभाळायच्या होत्या, आणि दोन्ही सांभाळण्याची ही रीत होती.

प्लेगच्या काळात बाळू मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपीय यांच्यात सामना झाला. हिंदूंच्या २४२ व १६० धावा, युरोपीयांच्या १९१ व १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले, आणि त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. नुकतीच बंगालची फाळणी झाली होती, स्वदेशीची चळवळ पेटली होती, जपानने रशियाचा पराभव केल्याची वार्ता ताजी होती. अशा हवेत हा विजय केवळ जिमखान्याचा राहणे शक्य नव्हते. त्या काळच्या मराठीत ‘हिंदू’ म्हणजे धर्माने हिंदू आणि ‘हिंदी’ म्हणजे या देशाचा, असा भेद होता. जिंकले हिंदू, पण मान उंचावली ती हिंदी माणसाची. ही उडी किती सहज घेतली गेली! पारशी आणि मुसलमान या उडीत कोठे होते, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणाला पडला नाही; पुढे चौरंगी आणि पंचरंगी सामन्यांच्या काळात मात्र तो उग्र झाला, आणि १९४६ नंतर ते सामनेच बंद पडले.

परकीय सत्तेखाली राहिलेल्या समाजांना खेळातील विजय कधी नुसता खेळातला वाटत नाही. स्पेन आणि अमेरिका अशा दोन सत्ता पाहिलेला फिलिपिन्स १९२४ साली प्रथम ऑलिंपिकला गेला. त्याचे पहिले सुवर्णपदक आले ते थेट २०२१ मध्ये, टोकियोत, हिडिलिन डियाझ या वेटलिफ्टर स्त्रीच्या रूपाने. गरीब घरची ही मुलगी एका रात्रीत साऱ्या देशाची लेक झाली. परंतु देशाची लेक किंवा देशाचा पुत्र होणे वेगळे, आणि देशाने त्याला पंगतीत घेणे वेगळे.

मुंबईतील जिमखान्यात सहभोजनाला अडचण उरली नाही, याचे ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने भरभरून कौतुक केले. ते अनाठायी नव्हते, पण घाईचे होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला आणि तरुण भीमराव आंबेडकरांनी मानपत्र दिले, असे रामचंद्र गुहा नोंदवतात. इतके होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले नाही. कर्णधार पै यांनी तर हा मान खरा बाळूंचा, असे जाहीरपणे म्हटले होते.

प्रकरण पेटले १९२० मध्ये. पै नसताना कर्णधारपद दि. ब. देवधरांकडे गेले आणि बाळूंना संघातून वगळले. देवधर म्हणजे संस्कृतचे प्राध्यापक. आम्हा अध्यापकवर्गाला त्यांचा दुहेरी अभिमान, आणि यात दोष त्यांचा नव्हे, निवड करणाऱ्यांचा. विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन देऊन संघ सोडला. हा बहिष्कार क्रिकेटच्या इतिहासात जितका नोंदला गेला, तितका आपल्या सामाजिक इतिहासात नोंदला गेला नाही, ही मला मोठी उणीव वाटते. त्याचा परिणाम झाला. पै परतले, बाळू उपकर्णधार झाले, आणि पैंनी मधूनच मैदान सोडून नेतृत्व काही काळ त्यांच्या हाती दिले. मागच्या दाराने का होईना, कर्णधारपद आले. समोरच्या दाराने ते १९२३ मध्ये विठ्ठलकडे आले, आणि त्या वर्षी हिंदू संघ विजेता ठरला.

या विठ्ठलनेच पुढे, १९४८ साली, ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. दया पवारांचे ‘बलुतं’ येण्यास तेव्हा तीस वर्षे अवकाश होता. आपण दलित आत्मकथनांची परंपरा शिकवताना या पुस्तकाचे नाव क्वचितच घेतो. खेळाडूचे पुस्तक म्हणून ते खेळाच्या कपाटात जाते. त्याला ‘बलुतं’चे पूर्वरूप म्हणणे ओढूनताणून होईल. पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील माणूस, देशभर टाळ्या मिळवल्यानंतर, स्वतःचे आयुष्य मराठीत मांडतो, तेव्हा तो कोणत्या वाचकाशी बोलतो, काय ठळक करतो आणि कशावरून हलकेच पुढे जातो, हे आत्मचरित्राच्या अभ्यासकाने तपासायलाच हवे.

बाळू राजकारणात आले ते गांधीजींच्या बाजूने. पुणे करारावर १९३२ मध्ये त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत उभे केले ते खुद्द आंबेडकरांविरुद्ध. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. फिलिपिन्सचा मुष्टियोद्धा मॅनी पॅकियाओ २०१६ मध्ये सिनेटर झाला आणि २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरला. तो हरला तो स्वतःच्या महत्त्वाकांक्षेने. बाळूंची लढत वेगळी होती. ज्या समाजाने १९११ मध्ये त्यांना खांद्यावर घेतले, त्याच समाजातील मतदारांना आता मैदानावरील अभिमान आणि हक्काची मागणी यांतून एक निवडायचे होते. अंतर दोन हजार मतांचेच राहिले. बाळू ४ जुलै १९५५ रोजी वारले. आंबेडकर त्यानंतर दीड वर्षाच्या आतच गेले.