रांजणातील नीळ

घरी प्रथमच सूत निळीत रंगविणारा रांजणातून लडी वर काढतो आणि हिरमुसतो. ती पिवळसर हिरवी असते. रांजणात आंबवून विरघळविलेली नीळ हवेतील प्राणवायू मिळाल्यावरच सुतात निळी होऊन टिकते. ही नीळ पिकविणाऱ्यांचे भाग्य मात्र इतक्या सहज पालटले नाही. बंगालच्या रयतेने सक्तीच्या पेरणीविरुद्ध 1859 साली बंड केले. 1897 साली जर्मनीतील कृत्रिम नीळ बाजारात आली, तेव्हा मळेवाल्यांनी आपला तोटा चंपारणच्या कुळांवर वाढीव खंडाच्या रूपाने लादला. वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यात तीन कठ्ठे नीळ पेरण्याची तेथील सक्ती गांधीजींच्या 1917 च्या सत्याग्रहानंतर, 1918 च्या कायद्याने संपली. पहिली लडी वाळत घालताना त्या कुळांची आठवण असावी.